नाव कमी केल्याचा दाखला

"हा कागद तुमच्याकडे मागितला कोणी होता?"

खिडकीतल्या बाईंनी माझ्या फायलीतली एक झेरॉक्स दोन बोटांत धरून वर केली. मला आधी वाटलं, कौतुकच करतायत. मी म्हटलं, "कोणी नाही मॅडम. मीच लावला. असावा म्हणून."

माझी शाळा सातवीत सुटली. सरकारी खिडकीची मला धास्ती. त्यावर माझा एकच उपाय, असतील नसतील तेवढे कागद बरोबर न्यायचे. एखादा कमी पडला तर हाकलतात, जास्त झाला तर कोण हाकलणार, असं माझं गणित. लेकीने मला वहीच्या पानावर यादी करून दिली होती. पाच कागद. मी नऊ नेले.

लेक बारावी पास झाली होती. तिला फार्मसीला जागा मिळत होती, तीही सरकारी कॉलेजात. इथल्या राज्यातल्या मुलींना फी माफ. बाहेरच्या राज्यातल्यांच्या जागा वेगळ्या, थोड्या, आणि फी पुरी. आता माझी लेक इथली की बाहेरची, हे कागदाने ठरणार होतं. अधिवासाचा दाखला. सगळे त्याला डोमिसाइल म्हणतात. तिचा जन्म इथला असता तर एवढं लागलं नसतं. पण आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माझं माहेर निपाणीच्या पुढे, कर्नाटकात. घरात मराठी, देवळात मराठी, भांडण मराठीत. एसटीच्या पाटीवरची अक्षरं तेवढी कन्नड. पंधरा दिवसांची लेक बघायला नवरा मुंबईहून आला तेव्हा कुणाच्या मनात आलं असेल, की ही पोर दुसऱ्या राज्यात जन्मलीय?

म्हणून पंधरा वर्षं इथे राहिल्याचे पुरावे हवे होते. ते होते. बालवाडीच्या बाईंचं पत्र, पहिली ते बारावीचे शाळेचे दाखले, साकीनाक्याच्या आमच्या खोलीच्या मालकीणबाईंची चिठ्ठी. सगळं ठीक होतं. आणि वर मी लावलेली ती झेरॉक्स. माझ्या आईच्या गावच्या रेशनकार्डाची.

"यात तुमचं नाव आहे," बाई म्हणाल्या. "मुलीचंही आहे. म्हणजे तुम्ही कर्नाटकात राहता."

"नाही मॅडम, आम्ही साकीनाक्याला राहतो."

"मग हे काय?"

"ते माझ्या आईचं कार्ड."

"आईचं कार्ड, तर तुम्ही त्यात काय करताय?"

मागून लेक दात आवळून म्हणाली, "आई, यार, कशाला लावलास तू हा? पाच सांगितले होते ना मी? पाच!" रांगेतला एक माणूस हसला.

बाई हसल्या नाहीत. मला आजही त्यांचं ते बरं वाटतं. मी म्हटलं, तो कागद काढून घेते, फाडून टाकते. तर म्हणाल्या, "मी पाहिलाय आता. आता कसा सोडू? गावच्या कार्डातून दोघींचं नाव कमी केल्याचा दाखला आणा. सोमवारपर्यंत आणलात तर मी तुमची फाइल त्याच दिवशी पुढे पाठवते." मग लेकीकडे बघून, "मार्क चांगले आहेत गं. जागा घालवू नकोस."

तो बुधवार होता.

आता त्या कार्डाचं सांगायला हवं. मुलीचं लग्न झालं की माहेरच्या कार्डातून तिचं नाव काढतात आणि सासरच्या कार्डात घालतात. माझ्या आईने काढलंच नाही. मला ते कळलं लेक दोन वर्षांची असताना. मे महिन्यात गावी गेले होते, तेव्हा आई म्हणाली, चल, नवीन कार्डाचा फोटू काढायचाय. तिकडे कार्डावर घरच्यांचा मिळून फोटो होता त्या वेळी. मी म्हटलं, मला कशाला? तर म्हणाली, "पोरीच्या जातीला एक तरी घर कागदावर आसावं. उद्या तुला कुणी घालवलं, तर कुठं जाशील?"

तेव्हा मी चिडले होते. मला कोण घालवणार, चांगला नवरा आहे माझा. होताच चांगला. लेक पहिलीत असताना गेला. त्यानंतर दिरांनी एकदा फोन केला, मग नाही केला. साकीनाक्याच्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या बटणांची जास्तीची कड कापायच्या कामाला मी लागले ती अजून तिथेच आहे. त्या पहिल्या वर्षात, कड कापता कापता, मला ते कार्ड कितीदा आठवायचं. तिथे एका ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, माझं नाव आहे. नाहीच जमलं तर जाईन. जावं लागलं नाही. पण जाता येईल, या जिवावर मी राहिले. कचेरीत ती झेरॉक्स मी लावली, त्याचं खरं कारणही बहुधा तेच असावं. फायलीत नुसत्या भाड्याच्या खोल्या होत्या, दर अकरा महिन्यांनी बदललेल्या, या शेवटच्या खोलीपर्यंत. मला वाटलं, बाईंना कळू दे की आम्हालाही घर आहे.

मालकीणबाई मालवणच्या. त्यांना मी मावशी म्हणते. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, मग त्यांनी ही वरची खोली काढून भाड्याने दिली. गेली सहा वर्षं आम्ही त्यांच्याच डोक्यावर. त्यांना सांगितलं तर कपाळाला हात लावला. "अगो, चुलीत घालूचे कागद सरकाराक कित्याक दाखवतंस?" मग माझं तोंड बघून मऊ झाल्या. "रडा नको. नाव काढल्यान गाव थोडाच जाता? जा, घेवन ये. तुझ्या चेडवाक मी बघतंय."

शुक्रवारी सकाळी गावात उतरले.

आमच्याकडे बायकाही 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात. लग्न होऊन मुंबईत आले तेव्हा नळावरच्या बायका मला हसल्या, म्हणून मी 'आले', 'गेले' शिकले. गावच्या फाट्यावर उतरलं की जीभ आपोआप परत वळते. दारात उभी राहून म्हटलं, "आई, मी आलो गं."

"आलीस व्हय? अशी एकाएकी? पोर बरी हाय न्हवं?"

आधी चहा झाला. मग सगळं सांगितलं. कॉलेज, फी, खिडकी, कागद. आईला शाळा अजिबात नाही, पण समजतं सगळं. नातीला औषधाच्या कॉलेजात जागा मिळाली हे ऐकून तिने आधी देवाजवळ साखर ठेवली. मग म्हणाली, "मग? माझ्याकडनं काय पायजे?"

"कार्डातनं आमचं नाव कमी करायला पायजे."

ती साखरेचा डबा बंद करत होती. झाकण बसेना.

"कमी करायचं म्हंजे?"

"काढायचं. आम्ही मुंबईला राहतो म्हणून."

"कमी तर मेलेल्या माणसाचं करत्यात गं. तुझ्या बाचं केलं, तवा मीच गेलतो."

मी म्हटलं, तसं नसतं, नुसता कागद असतो. खिडकीतल्या बाईंनी सांगितलंय म्हणून. आईने विचारलं, "तू न्हाई म्हनाली न्हाईस त्यास्नी?" झेरॉक्स मीच लावली होती, हे मी आईला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

ती उठली, ट्रंक उघडली, पिशवी काढली. मध्येच थांबून म्हणाली, "पोरीचं काढू. तुझं ऱ्हाऊ दे. तुला कुठं कॉलेजला जायाचं हाय?"

"दोघींचं लागतंय आई."

तिने पिशवी बाजूला ठेवली. केस विंचरले, चांगलं लुगडं नेसली. मी म्हटलं, तू कशाला येतेस उन्हात. तर म्हणाली, "कार्ड माझं हाय."

कचेरी पुढच्या गावात. तिथला माणूस ओळखीचा, आईला आज्जी म्हणणारा. कॉम्प्युटरवर बघून त्याने विचारलं, "कारण काय लिहू? मृत्यू, लग्न का स्थलांतर?"

आई पटकन म्हणाली, "लगीन लिव्ह."

"आज्जी, हिचं लिवतो. पण नातीचं कुठं झालंय लगीन?"

"मग ते तिसरं काय म्हनलास?"

"स्थलांतर. म्हंजे गाव सोडलं म्हणून."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. ती म्हणाली, "लिव्ह मग. दोघींचं तेच लिव्ह. एकीचं एक आन् एकीचं एक कशाला."

तिचा अंगठा मशीनवर उठेना. घासून घासून तिची बोटं गुळगुळीत झाली आहेत. तो माणूस म्हणाला, आज्जी, पदराला पुसा, परत लावा. तिने पुसला, परत लावला. चौथ्यांदा उठला. तोपर्यंत मला मनातून वाटत होतं की उठू नये, आणि लगेच सोमवार आठवून म्हणत होते की उठू दे बाबा एकदाचा.

दाखला कन्नडमध्ये छापून आला. नवीन कार्डही आलं, तिच्या एकटीचं. जुनं जमा करावं लागतं म्हणाला. आई म्हणाली, "फोटू तेवढा कातरून दे की." ते नियमात नव्हतं. त्याला वाईट वाटलेलं दिसलं, पण कार्ड त्याने फायलीत घातलं. त्या फोटोत आई मध्ये आहे, मी शेजारी, लेक माझ्या मांडीवर, डोळे मिटलेली. तिघींचा तेवढा एकच फोटो.

माझ्या पिशवीत ती झेरॉक्स होती, गावच्या कचेरीत दाखवायला म्हणून खिडकीतल्या बाईंनी परत दिलेली. तीत तिघींचे चेहरे काळे ठिपके झालेत, आईच्या नथीच्या जागी तेवढा पांढरा डाग. मी ती आईला दिली. तिने उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "यातली मी कुठली?"

घरी येताना आम्ही दोघी वाचता न येणारा कागद पिशवीत घेऊन चाललो होतो. मला वाटत होतं, झालं, काही एवढं नव्हतं. तो वाचला गेला शनिवारी, घाटकोपरला. कन्नडचं मराठी करून शिक्का मारून देणारे एक वयस्क गृहस्थ तिथे बसतात. त्यांनी टाइप करता करता मोठ्याने म्हटलं, "सदर महिला व तिची मुलगी यांचा या गावातील रहिवास कायमचा संपुष्टात आला असून…" मग चष्म्यावरून बघून, "बरोबर ना, ताई?"

मी म्हटलं, "बरोबर."

सोमवारी बाईंनी कागद घेतला, वाचला, खरंच हातोहात पुढे पाठवला. गुरुवारी दाखला मिळाला. लेकीने खिडकीसमोरच मला मिठी मारली आणि म्हणाली, "सॉरी आई, त्या दिवशी ओरडले." मावशींनी शिरा केला. माझी लेक आता फार्मसीला आहे, पांढरा कोट घालून जाते, मला औषधांची नावं शिकवते. मी त्या बाईंची, मावशींची, त्या अंगठ्याची रोज आठवण काढते. कुणाबद्दल तक्रार करायला जागा नाही. तरी रात्री उशी बदलली की झोप येत नाही ना, तसं काहीतरी झालंय.

दिवाळीत दोघी गावी गेलो. भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, आईने ती झेरॉक्स भाताने चिकटवली होती. चहा नेहमीसारखा पेल्यात दिला, नेहमीसारखा गोड. नात तिला मोबाइलमध्ये कॉलेज दाखवत होती. तेवढ्यात शेजारणीने कुडापलीकडून आवाज दिला, "कोन आलंय गं?"

दर वेळी आई चुलीपुढून ओरडून सांगते, "आमची आलीया!" मी चहा पिता पिता त्याचीच वाट बघत होते.

आई म्हणाली, "मुंबईचं पावनं आल्यात."

आणि हसली. चेष्टाच केली होती तिने. शेजारीण हसली, लेकही हसली.

मी पण हसलो.