डाव्या चाकाचा ब्रेक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं सोपं नाही, मी ताटात भात किती टाकला त्यावरून ती माझा दिवस कसा गेला ते ओळखते. तरी हे एक तिच्यापासूनही राहिलं. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमतंय का? तसंच असणार. धीट माणसाने आधी घरी सांगितलं असतं.

ब्रेकच्या कामात माझं थोडंफार नाव आहे. ऑपेरा हाउसपासून दादरपर्यंत कुणाची विलायती गाडी अडली, की लोक म्हणतात, गोविंदकडे न्या. समोर कुणी स्तुती केली की मी हातातलं काम बघत राहतो. लोकांना वाटतं, माणूस साधा आहे. साधा कसला?

मूळचा मी गिरणीतला. सूत कातण्याच्या खात्यात तेलवाला होतो. हातात लांब चोचीचा डबा घेऊन यंत्रांच्या रांगांतून फिरायचं आणि सूत गुंडाळत फिरणाऱ्या चात्यांना तेल पाजायचं, हेच माझं काम. कुठे काही घट्ट फिरलं, कुरकुरलं, की माझा हात आपोआप डब्याकडे जायचा. मग संप झाला. पहिले काही महिने आम्ही लालबागच्या नाक्यावर मोठ्या तोऱ्यात उभे होतो. पुढे तोरा गेला, उभं राहणं तेवढं उरलं.

डॉमनिक मिस्त्री माझ्या थोरल्या भावाचे दोस्त. खोताच्या वाडीत राहायचे, गिरगावातल्या एका गॅरेजात हेड मेकॅनिक होते. त्यांनी गॅरेजच्या शेठकडे शब्द टाकला आणि मला कामाला लावलं. माझ्या घरी दोन वेळची चूल पेटत राहिली ती त्यांच्यामुळे. धुण्यापुसण्यापासून सुरुवात करून मी हळूहळू पाने हातात घ्यायला लागलो. फक्त ब्रेकला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. "बाकी सगला बिघडला तर गाडी थांबते," ते म्हणायचे, "ब्रेक बिघडला तर थांबत नाय. म्हणून तो माझ्याकडे."

मलबार हिलवरच्या एका वकीलसाहेबांची लाल स्पोर्ट्स कार आमच्याकडे यायची. दोन माणसांची, जमिनीला टेकलेली, बोनेट हे एवढं लांब. तिच्या पुढच्या चाकांचे कॅलिपर अडकायला लागले होते. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोलादी तबकडीला दोन्हीकडून धरणारी पकड. ब्रेक दाबला की तिच्यातला पिस्टन पुढे येतो, पाय उचलला की किंचित मागे सरतो. त्याला मागे ओढते ती आत बसवलेली रबराची कडी — सील. दिसायला बांगडीसारखी, पण ब्रेक सुटणं न सुटणं तिच्यावर. वकीलसाहेबांनी नवे सील परदेशातून कुणाबरोबर तरी मागवले होते. मिस्त्रींनी ते कापसात ठेवावे तसे ठेवले. मला समोर बसवून म्हणाले, "बघ, पण फक्त बघ. ह्या रबराला ब्रेकचाच ऑइल लावायचा. मशीनचा तेल लागला तर रबर फुगते, मग पिस्टन जागचा हलत नाय." इतकं स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

उजवीकडचं काम झालं. डावीकडचा पिस्टन अर्धा आत गेला होता, तेवढ्यात दुपारची जेवणाची वेळ झाली. मिस्त्री घरी जेवायचे, वाडी चार पावलांवर. ते गेले. मी त्या पिस्टनकडे बघत बसलो. तो पुरा बसवून ठेवावा, परत आल्यावर त्यांना दाखवावा, म्हणावं — बघा, आता मलाही येतं. केवढी ही हौस! अंगठ्याने दाबला, हलेना. वाकडा शिरत होता. आणि माझा हात जायचा तिथेच गेला, मशीनच्या तेलाच्या डब्याकडे. तेलाचे दोन थेंब. पिस्टन सुळकन आत गेला, आणि मला आधी आनंदच झाला, हे लपवत नाही. मग मिस्त्रींचं बोलणं आठवलं. पिस्टन परत उपसून काढायचं धैर्य झालं नाही. कडेचं तेल फडक्याने पुसून टाकलं.

मिस्त्री जेवून आले, वाकले, थांबले. "हा मीच बसवला काय रे?"

"हो, तुम्हीच ना," मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही — आठवून बघत असल्यासारखं. मग पॅड बसवायला घेतले. ब्रेकची हवा काढताना पेडल मीच दाबत होतो. ते खालून "दाब", "सोड" म्हणत होते, आणि मी दाबत होतो, सोडत होतो. तेव्हा सांगता आलं नसतं का? गाडी अजून जॅकवर होती. एक शिवी खाल्ली असती, फार तर दोन.

काही आठवडे गेले. मला वाटलं, निभावलं. मग एका सकाळी वाळकेश्वरहून चौपाटीकडे उतरताना ती गाडी डावीकडे खेचली गेली, ब्रेक तापून पेडल खाली गेलं, आणि वकीलसाहेब फुटपाथ चढून कठड्यावर आदळले. त्यांचं मनगट मोडलं. फुटपाथवर त्या वेळी कुणी नव्हतं, हे नशीब, आणि तेही माझं कर्तृत्व नव्हे. शेठने सगळ्यांसमोर कॅलिपर उघडला. सील फुगून टम्म झाला होता. शेठने बोटांत धरून वास घेतला. मशीनचं तेल.

मिस्त्री एकेकाळी भरपूर प्यायचे. मुलीच्या लग्नाआधी दारू सोडली, तिला पुन्हा शिवले नव्हते. पण लोकांना माणसाचं सोडणं आठवत नाही, पिणंच आठवतं. शेठने मला बाजूला घेतलं. "त्या दिवशी मिस्त्री जेवून आले तेव्हा वास येत होता काय रे? खरं सांग."

वास कसला यायचा? तळलेल्या बोंबलाचा येत होता. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, शेठ."

बघा, यात त्यांच्याविरुद्ध असा एक शब्दही नाही म्हणता येईल. पण शेठला तेवढं पुरलं. मिस्त्रींना त्याच आठवड्यात घरी बसवलं. ते भांडले नाहीत. जाताना मला म्हणाले, "माझ्यापायी तुला पण बोलणी बसली, मनावर नको घेऊ." मी मान खाली घातली होती. त्यांना वाटलं, मला वाईट वाटतंय. पुढे ब्रेकची कामं माझ्याकडे आली. मी ती नीट शिकलो, अगदी मनापासून. पण कुणाच्या जागेवर बसून शिकलो?

संपाचं कारण पुढे करता येईल. घरी दोन लहान मुलं होती, नोकरी दुसरी मिळत नव्हती, सगळं खरं. पण आमच्या चाळीत संपाने सगळ्यांनाच धुऊन काढलं होतं. त्यातल्या कुणी असं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एवढंच असतं तर मी कदाचित सांगितलंही नसतं.

मिस्त्रींनी पुन्हा पाना हातात घेतला नाही. दुसरी गॅरेजं बोलावत होती, पण ते म्हणायचे, माझ्या हातावर माझा भरोसा नाय. शिवडीला एका गोदामात पोती मोजायच्या कामाला लागले. बऱ्याच वर्षांनी ते आजारी पडल्याचं कळलं, म्हणून मी वाडीत भेटायला गेलो. खाटेवर बसले होते, खूप वाळले होते. माझं काम चांगलं चाललंय ऐकून खूश झाले. घरची मंडळी आत गेली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"गोविंद, एक विचारतो. त्या दिवशी मी जेवायला गेलो, तेव्हा डाव्या बाजूचा पिस्टन अर्धा बाहेर होता ना रे? मला तर बाहेरच दिसतो. रोज दिसतो. तू तिथेच होता."

खोलीत आम्ही दोघंच होतो. शेठ नव्हते, नोकरी जायची नव्हती, मुलं मोठी झाली होती. कशाचीच भीती उरली नव्हती.

मी म्हणालो, "नाही मिस्त्री. आत होता. तुम्हीच बसवून गेला होता."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग त्यांनी माझा हात थोपटला. "मंग माझाच चुकला. बरा झाला तू सांगितला, नाय तर मी उगाच दुसऱ्यावर संशय घेत मेलो असतो."

तो दुसरा कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. त्याच महिन्यात ते गेले.

पिस्टन बाहेर होता. अर्धा बाहेर होता. त्यांना बरोबर आठवत होतं.