साडूंकडे पाठ करून बसू नये

आमच्या साडूंकडे पाठ करून बसेल असा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आता उरलेला नाही. आमच्या सासुरवाडीच्या कुठल्याही लग्नात जाऊन पाहा, मांडवातल्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि सगळी पुरुष मंडळी भिंतीला टेकून ओळीने उभी असतात. नवख्याला वाटतं, काय शिस्तीचं घराणं आहे. खरं कारण एवढंच, की माझ्या मेहुणीचे हे यजमान, फौजेतून निवृत्त झालेले तासगावचे द्राक्षबागायतदार, एरवी देवमाणूस, पण कुणाची मोकळी पाठ दिसली की त्यांना राहवत नाही. ते अलगद मागे येऊन बसतात, दोन्ही पायांचा विळखा आपल्या कमरेला पडतो, एक हात हनुवटीखालून गळ्याभोवती जाऊन दुसऱ्या हाताचा दंड धरतो, तो दुसरा हात आपल्या डोक्यामागे जातो आणि कानाशी प्रेमळ आवाज येतो, "श्वास कोंडत न्हाई, घाबरू नगा. नुसतं रगात थांबतंय." या विद्येला ब्राझिलियन जिऊ-जित्सू म्हणतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या हातात जिलेबीची ताटली होती आणि डोळ्यांपुढे काजवे होते.

सुटकेचा मार्ग एकच, हार कबूल म्हणून हाताने त्यांच्या अंगावर थाप मारायची. थाप पडली की ते तत्काळ सोडतात आणि वर पाणीही विचारतात. थाप पडली नाही तर आभाळ कोसळलं तरी सोडत नाहीत. साडूंच्या पुतणीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या मामांनी हौसेने "आम्हालाही दाखवा की" म्हटलं. त्यांना थापेचं कुणी सांगितलंच नव्हतं. मामा आधी हसले, मग लाल झाले, मग जांभळे झाले, फेटा घरंगळत पंगतीत गेला, तरी साडू आपले शांतपणे वाट बघत बसलेले. शेवटी मीच धावत जाऊन माझ्या हाताने थाप मारली. दुसऱ्याने मारलेली थाप चालत नसते, पण पाहुण्यांचा मान म्हणून सोडतो, असं त्यांनी मला बजावलं.  ते लग्न मोडलं नाही, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

मुळात हा माणूस कुस्तीचा. औंधजवळ आमच्या सासऱ्यांची तालीम आहे, तिच्यातच ते लहानाचे मोठे झाले आणि वस्तादांनी, म्हणजे सासऱ्यांनी, लेक दिली ती त्यांची मान बघून. फौजेतून आल्यावर पुण्यात या जिऊ-जित्सूच्या स्पर्धा होतात असं त्यांच्या कानावर आलं. कुस्तीपुढे असलं काय टिकणार, म्हणून ते मला सोबत घेऊन गेले. समोर चष्मा काढून ठेवून आलेला एक कॉम्प्युटरवाला पोरगा. साडूंनी त्याला उचलून आपटला, पण झटापटीत स्वतःही खाली आले आणि जन्माच्या सवयीने पोटावर वळले. आपल्याकडे पाठ मातीला लागली की कुस्ती गेली, म्हणून खाली आलेला पैलवान पालथा होतो आणि निर्धास्त पडून राहतो. साडूही पडून राहिले. तो पोरगा पाठीवर चढला, गळ्यात हात घातला आणि माझ्या डोळ्यांदेखत आमचा एवढा दांडगा माणूस घोरायला लागला. मी तर रडायच्या बेतात होतो. शुद्धीवर आल्यावर साडूंनी पंचांना पहिला प्रश्न केला, "माजी पाठ लागली का?" पंच नाही म्हणाले. "मग हारलो कसा मी?" या प्रश्नाने त्यांना असं काही पछाडलं, की महिन्याभरात बेदाण्याच्या शेडमध्ये गाद्या पडल्या आणि घरातली एकही पाठ सुरक्षित राहिली नाही.

पाठ लागली नाही म्हणजे तू पडलाच नाहीस, असं सासरे आधी जावयाची बाजू घेऊन सांगत होते. पण हाच डाव जावई पोरांना शिकवतोय हे कळलं आणि म्हातारा बिथरला. "मागनं गळा धरतो त्यो पैलवान न्हवं, चोर," एवढं बोलून त्यांनी साडूंना तालमीची पायरी बंद केली. त्या तालमीत आता पोरं येत नाहीत. तरी सासरे रोज सकाळी माती उकरतात, तीत ताक आणि तेल घालतात आणि एकटेच कडेला बसून राहतात. साडू औंधला यमाईच्या यात्रेला आले की मातीसाठी तेलाचा डबा आणायचे, तो तालमीच्या दाराबाहेर ठेवायचे आणि मागे फिरायचे. त्या दिवशी कुणी अगदी समोर पाठ करून बसलं तरी त्यांचं लक्ष नसायचं. मला फार वाईट वाटायचं.

यंदा डबा ठेवून ते वळले, मी शेजारीच होतो, तोच आतून हाक आली, "पावणं, आत या." आम्ही गेलो. सासऱ्यांनी खोरं बाजूला ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून ते मातीत बसले. "धरा. बघू द्या काय चोरताय ते."  साडूंनी माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या, माती कपाळाला लावली आणि मागे बसले. म्हाताऱ्याने हनुवटी छातीत रुतवली होती, पण साडूंचा हात हळूहळू खाली शिरलाच. मान लाल झाली, कानशिलं फुगली. थाप येईना. आयुष्यात कुणापुढे हार न मानलेला माणूस, तो कशाला थाप मारतोय? ओरडायला मी तोंड उघडलं.

आणि साडूंनी हात सोडला. थाप न पडता, आपण होऊन.

बराच वेळ खोकून झाल्यावर सासऱ्यांनी मागे न बघता विचारलं, "का सोडलंस रं?"

"तुमची शीर माज्या हातावर उडत हुती, वस्ताद," साडू म्हणाले. "मला फुडं आवळंना."

 म्हाताऱ्याने हात मागे नेला आणि साडूंच्या गुडघ्यावर हलकेच थाप मारली. "घे. तुजी राहिली हुती."

दोघांपैकी कुणीच उठलं नाही. सासरे मागे रेलून साडूंच्या छातीला टेकले होते, दम खात होते, आणि साडूंचे ते भयंकर हात त्यांच्याभोवती नुसते सैल पडले होते. मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर आलो आणि तेलाचा डबा उचलून आत नेऊन ठेवला.