नदी सरकली, गावं कुणाची?

नगरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी काही दिवस एका राज्याचा मुख्यमंत्री होतो. नव्वदीच्या दशकात सरकारं येत-जात असायची, त्यामुळे घरी कळवलं तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

राज्यशास्त्राच्या सरांचा तास दुपारच्या जेवणानंतर असायचा. राज्याराज्यांतले सीमावाद आणि ते मिटवणारे करार हा धडा सुरू झाला आणि निम्मा वर्ग पेंगायला लागला. सरांनी पुस्तक मिटलं. फळ्यावर नागमोडी नदी काढली, दोन्ही काठांना एकेक राज्य आणि मधे थोडी गावं. म्हणाले, पुरात नदीचं पात्र सरकलंय, काल अलीकडे असलेली ही गावं आज पलीकडे गेलीत. मुलांचं एक राज्य, मुलींचं दुसरं. आपसात करार करा, संसद मी. कोपऱ्यात बसणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या एका मुलाला त्यांनी त्या गावांचा सरपंच नेमलं.

माझा आवाज मोठा म्हणून मुलांनी मला मुख्यमंत्री केलं. मुलींची मुख्यमंत्री कोपरगावची, ऊसवाल्या घरातली, बोलायला मऊ. पहिल्याच बैठकीत मी टेबलावर हात आपटून सगळी गावं मागितली. तिने थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "गावं तुम्हीच ठेवा. नदीचं पाणी तेवढं आम्हाला राहू द्या."

मी लगेच सही ठोकली. मुलांनी बाकं बडवली. संध्याकाळी मेसमध्ये माझ्याच महसूलमंत्र्याने विचारलं, त्या गावांना प्यायला पाणी कुठून देणार? मग भाकरी मोडत म्हणाला, "तू पारनेरचा ना रे?" ते मला फार लागलं. टँकरमागे हंडा घेऊन पळण्यात माझं लहानपण गेलं होतं, आणि मी अख्खी नदी देऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी करार मोडल्याचं जाहीर केलं. मुलींनी व्हरांड्यात मोर्चा काढला. घोषणा ऐकून प्राचार्य धावत आले. परीक्षा पुढे ढकलायची मागणी असणार, अशी त्यांची समजूत. सरांनी शांतपणे सांगितलं, "आंतरराज्य प्रश्न आहे, साहेब. चर्चेने सुटेल." प्राचार्य फळ्यावरच्या नदीकडे बघून परत फिरले.

चर्चेने काही सुटेना. मी पाणी मागायचो, ती गावं मागायची, तास संपायचा. शेवटी सरपंच उभा राहिला. आम्ही त्याला विसरूनच गेलो होतो.

"तुमी दोगं लई भांडताय," तो म्हणाला. "पन आमाला कुनी इचारलं का?"

त्याचं घर भंडारदऱ्याच्या धरणाजवळ होतं. धरण दारात आणि पाणी दुसऱ्यांच्या शेतात, हे तो लहानपणापासून बघत आला होता. त्याने सांगितलं, पाणी आधी पिण्याला द्या. शाळा आणि बाजार आहेत तिथंच राहू द्या, वाटेत नाका उभारू नका. आणि बाजार पलीकडे जवळ पडतो, तेव्हा गावं मुलींच्या राज्यात गेलेली बरी. हे शेवटचं ऐकून मला वाईट वाटलं, पण कराराचा कागद मीच पुढे ओढला.

मग करार भराभर झाला. गावं तिकडे गेली. सीमा एकदा आखली की नदी कितीही सरकली तरी हलायची नाही. पिण्याचं पाणी दोन्ही काठांना आधी, उरलेलं निम्मं-निम्मं. आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि कागद सरांकडे नेला. सर म्हणाले, राज्यांनी सह्या केल्या म्हणून सीमा बदलत नाही, त्याला संसदेचा कायदा लागतो. मग संसदेने चष्मा पुसला, करार सावकाश वाचला, माझ्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारल्या आणि मान डोलावली.

कॅंटीनमध्ये मी तिला विचारलं, पाण्याचं तुम्हाला इतक्या चटकन कसं सुचलं?

"घरी कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून वडील आणि काका रोज भांडतात," ती म्हणाली. "जेवताना तेच कानावर पडतं."

मी म्हणालो, आमच्याकडे कालवाच नाही, त्यामुळे भाऊ-भाऊ फार गुण्यागोविंदाने राहतात. त्यावर ती इतकी हसली की तिच्या बशीतला चहा सांडला. मग आम्ही सरपंचालाही आमच्या टेबलावर बोलावून घेतलं.