बूश्ता मुकद्दमचं वय

सफरू गावात नदीकाठच्या वस्तीत कोण राहतं, कोण सोडून गेलं, कोण जिवंत आहे, हे सरकारला बूश्ता मुकद्दम सांगत असे. राहत्या पत्त्याचा दाखला हवा, पोरीचं शाळेत नाव घालायचं, म्हाताऱ्याला पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा, काहीही असलं तरी आधी बूश्ताकडे जावं लागे. त्याने मान हलवली की कचेरीत शिक्का पडत असे. एकतीस वर्षं हे असं चाललं.

मी फेजच्या कॉलेजात भूगोल शिकून या वस्तीत लग्न होऊन आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी तो दारात आला. अंगात तपकिरी पायघोळ जलाबा, हातात काही नाही. सासूबाईंना म्हणाला, "तुमच्या फळीवर आता सहा भाकऱ्या जातात. कालपरवापर्यंत पाच होत्या. सून आली वाटतं."

आमच्याकडे कणीक घरी मळायची आणि भाकऱ्या फळीवर मांडून भाजायला गल्लीच्या भट्टीत पाठवायच्या, ही पद्धत. बूश्ता सकाळी दहाच्या सुमारास भट्टीसमोरच्या ओट्यावर बसे आणि फळ्या बघे. एक भाकरी वाढली की पाहुणा, आठवडाभर वाढलेली राहिली की माणूस वाढला, कमी झाली की कोणी तरी गेलं, कामाला किंवा कायमचं. वही त्याने कधी ठेवली नाही. सासूबाई त्याच्यावर चिडून असत. "मेल्याला आमच्या पोटात काय आहे तेही कळतं," असं त्या मला म्हणाल्या होत्या, आणि दोन महिन्यांनी मला दिवस गेले तेव्हा ते खरंच निघालं.

त्याने कोणाचं चहापलीकडे काही घेतलं नाही. पण लोकांना तो आवडे असंही नाही. यमनाचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक होतं. यमना कोपऱ्यावर तव्यावर पदर सुटणाऱ्या घडीच्या पोळ्या करून विकते. तिचं लग्न जुन्या रीतीने झालेलं, चार माणसांत फातिहा म्हणून, कागद कसलाच नाही. नवरा वारला तेव्हा मुलगी पोटात होती. मुलगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा कुटुंबाच्या पुस्तिकेत तिचं नाव लागेना. अशा वेळी काझीच्या कोर्टाचे दस्तलेखक असतात, अदूल म्हणतात त्यांना, त्यांच्यापुढे बारा साक्षीदार उभे करायचे. बारा जणांनी सांगितलं की अमुक गोष्ट आम्हाला माहीत आहे, तर ती झाली असं धरतात. यमनाने भाजीबाजारातून बारा माणसं जमवली. बूश्ताने बघितलं आणि सरळ सांगितलं, यातले चौघे त्या वर्षी या गावात राहतच नव्हते. कागद अडला. दुसरे चौघे मिळून कोर्टातून सुटका होईपर्यंत दोन वर्षं गेली. मुलगी नवव्या वर्षी पहिलीत बसली, सगळ्यांत उंच.

दोन हजार चौदाच्या एप्रिलमध्ये बूश्तालाच कचेरीतून पत्र आलं. साठ वर्षं पुरी होत असल्याने जूनअखेर काम थांबवावं. सप्टेंबरात जनगणना होती. चौऱ्याण्णव आणि दोन हजार चार सालच्या दोन्ही गणनांत गणकांना घरोघरी त्यानेच फिरवलं होतं. कुठल्या दारामागे एक चूल आहे आणि कुठल्या दारामागे तीन, हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. ही तिसरी गणना तरी करून मग घरी बसावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याची बायको झहूर हे पत्र घेऊन माझ्याकडे आली. पत्र फ्रेंचमध्ये होतं, ते मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पण हे साठ वर्षांचे नाहीतच."

"ओळखीच्या कार्डावर काय आहे?"

"कार्ड यांचं नाही, थोरल्याचं आहे."

मग तिने सांगितलं. चोपन्न साली सासूला पहिला मुलगा झाला. त्याचं नाव बूश्ता ठेवलं आणि बापाने रीतसर नोंदवलं. दुसऱ्या हिवाळ्यात तो गोवराने गेला. मेल्याचं कळवायला कचेरीत कोण जातंय. पुढच्या हिवाळ्यानंतर, सत्तावन्न साली, दुसरा मुलगा झाला. त्याला तेच नाव दिलं आणि तोच कागद दिला. कागद होताच, पुन्हा खेटा कशाला घालायचा. असं त्या काळी घरोघरी झालंय. माझा मोठा दीरही कागदावर स्वतःच्या मेलेल्या भावाएवढा आहे.

पण दुसऱ्यांच्या वयाची खात्री देणारा माणूस तीस वर्षं भावाच्या वयावर चालला होता, हे वस्तीला त्या आठवड्यात कळलं, आणि तोंडात बोट घालायचं तेवढं सगळ्यांनी घातलं.

तारीख दुरुस्त करायची तर बारा साक्षीदार. यमनासारखेच.

ते मिळायला अडचण पडली नाही. कोणाच्या मनात आपुलकी होती, कोणाच्या मनात उद्या आपल्यालाही दाखला लागेल हा हिशेब. हमादी न्हाव्याने दुकानातच नावं गोळा केली. मेच्या एका सोमवारी बारा जण अदूलच्या खोलीत जमले. खोलीसमोरच यमनाचा तवा. मी तिच्याकडे पोळ्या घ्यायला थांबले होते. दार उघडं होतं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं.

हमादी मुकद्दमला म्हणाला, "सांगायचं काय ते नीट शिकवून ठेव. थोरल्याच्या मयतीला आम्ही होतो, असंच ना?"

"होतास का तू?"

"होतो म्हणतो ना. खांदासुद्धा दिला."

"दोन वर्षांच्या पोराला खांदा?" दुसरा कोणी म्हणाला आणि सगळे हसले.

मोठे अदूल डोळे न उचलता म्हणाले, "कार्डं द्या. एकेकाने सही करा. मला अकराला एक लग्न लिहायचंय."

कार्डं एकावर एक ठेवली गेली. ती गोळा करायचं काम बूश्ताने आपण होऊन केलं. आयुष्यभर तेच केलेलं. आणि सवयीप्रमाणे तो ती वाचायला लागला. वरचं कार्ड त्याने बाजूला ठेवलं. मग दुसरं. मग दोन एकदम.

"हमादी, तू एकसष्टचा."

"मग?"

"तो गेला तेव्हा तू नव्हतास."

"अरे, तू तरी कुठे होतास? म्हणूनच तर आलोय ना सगळे."

पुन्हा हसू झालं. बूश्ता हसला नाही, रागावलाही नाही. तो कार्डं लावत राहिला, भाजीवाला कुजकी पानं काढतो तसा. शेवटी एका बाजूला त्या वेळी जाणत्या वयात असलेल्यांची तीन कार्डं उरली आणि दुसऱ्या बाजूला नऊ. तिघांतला एक हाजी मीमून, त्यांना धड ऐकू येत नव्हतं.

अदूल आदराचं 'सी' लावून म्हणाले, "सी बूश्ता, मी काही विचारलेलं नाही. तुम्हीच कशाला विचारताय?"

"तीन आहेत," बूश्ता म्हणाला.

"कागद बारांवर होतो. मला बारा दिसतायत."

बूश्ताने कार्डं ज्याची त्याला परत दिली, नावं न विचारता, कारण प्रत्येकाचं तोंड त्याला पाठ होतं. हाजी मीमूनना जोरात सांगितलं, "झालं काका. चला." ते म्हणाले, "मिळाला कागद? अल्लाची कृपा." त्यांना कोणी दुरुस्त केलं नाही. हमादी बाहेर पडताना एवढंच पुटपुटला की सकाळची दोन डोकी बुडाली.

बूश्ता यमनाच्या तव्याशी येऊन उभा राहिला. तिने सगळं पाहिलं होतं. पोळी उलटत ती म्हणाली, "माझ्या वेळी चार होते, सी बूश्ता. तुमचे नऊ निघाले."

"हो."

"नऊसुद्धा चालले असते. ते तयार होते."

"हो. तयार होते."

तिने पोळीला मध लावला आणि कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं का, हे मला सांगता येणार नाही. माझ्या पोळीला मध लावायचा ती विसरली, तो मी मागून घेतला.

जूनअखेर बूश्ताने काम सोडलं. नवा मुकद्दम तरणा होता, शहरातला, मोटरसायकलवर यायचा. भट्टीच्या ओट्यावर बसायला त्याला वेळ नव्हता.

सप्टेंबरात गणना आली. मी कुसकुसची चाळण परत द्यायला झहूरकडे गेले होते, तेवढ्यात गणक मुलगी आली. शाळेत शिकवणारी असावी, गळ्यात ओळखपत्र, हातात जाड फॉर्म. बाहेर दारावर तिने खडूने आकडा घातला होता. झहूरने चहा ठेवला, बूश्ता भिंतीशी बसून होता. घरात माणसं किती, खोल्या किती, पाणी नळाचं की कसं, सगळं विचारून झालं.

"कुटुंबप्रमुखाचं वय?"

"साठ," झहूर म्हणाली आणि कार्ड आणायला उठली.

"कार्ड नको, खाल्ती," मुलगी मावशीला सांगावं तसं म्हणाली. "तुम्ही सांगाल ते लिहायचं, असा नियम आहे."

हा नियम बूश्ताला वीस वर्षं माहीत होता. दोन गणनांत शंभर वेळा त्याने तो लोकांना समजावला होता. स्वतःच्या घरी मात्र दोन्ही वेळा तो गणकांबरोबर बाहेर होता, आणि झहूरने कार्ड बघून सांगितलं होतं.

तो म्हणाला, "सत्तावन्न."

झहूर अर्धवट उठलेली पुन्हा खाली बसली. मुलीने सत्तावन्न लिहिलं आणि पान उलटलं.

निघताना ती शेजारच्या दाराकडे वळली तसा बूश्ता उंबऱ्यापर्यंत आला. "त्या घरात दोन चुली आहेत," तो म्हणाला. "गच्चीवरच्या खोलीत नवरा-बायको आणि एक तान्हं आहे. जिना मागच्या गल्लीतून आहे, पुढून दिसत नाही. जुलैपासून चार भाकऱ्या जातात त्यांच्या."

"मुकद्दम तर म्हणाले, एकच कुटुंब आहे."

"त्याला नाही कळायचं," बूश्ता म्हणाला, आणि पायांत चपला सरकवून तिला जिना दाखवायला गेला.