सासूबाईंचा धर्म, मुक्काम लुब्लिन

आमच्या ह्यांचं आयुष्यात कुणी ऐकलं नाही. हे मी बायको म्हणून सांगते आहे, म्हणजे त्यात माझाही वाटा आलाच. ह्यांचं नाव उमाशंकर. पणजोबांनी देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारात फडणिशी केली, आजोबांनी राममंदिराची पूजा सांभाळली आणि ह्यांनी धारजवळ तिरल्याच्या सरकारी शाळेत संस्कृत शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, हे फळ्याकडे तोंड करून 'रामः रामौ रामाः' म्हणायचे आणि मागची पोरं खिडकीतून उतरून शेतात हरभरा खायला जायची. घरी यावं तर नात चिऊ म्हणायची, "आबा, हिंदी में बोलो ना, समझ नहीं आता." निवृत्तीनंतर देवासला परतलो. मग हे रोज सकाळी चौकातल्या पोह्यांच्या गाडीपाशी उभे राहून लोकांना धर्म सांगू लागले. "हौ भिया, हौ भिया" करत लोक पोहे संपवायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

अशा माणसाला इंदूरच्या एका पीठाने धर्मप्रसाराला थेट परदेशी पाठवलं. त्यांना म्हणे संस्कृत येणारा, पेन्शन असलेला आणि मानधन न मागणारा माणूस हवा होता. हे तिन्ही गुण एकाच धोतरात सापडल्यावर पीठ कशाला सोडतंय? पोलंडमध्ये लुब्लिन नावाचं शहर आहे. तिथल्या काही मंडळींनी नुकताच आपला धर्म घेतला होता आणि त्यांना शिकवायला कुणी नव्हतं. हे निघाले. ह्यांना साधा चहा करता येत नाही, म्हणून मीही निघाले. विमानतळावर पीठाच्या माणसाने माझ्या गळ्यात हार घातला आणि मला 'गुरुमाता' म्हटलं. बढती मिळाली, काम मात्र तेच राहिलं, पोळ्या लाटायचं.

तिथे गेल्यावर चमत्कार झाला. लोक ह्यांचं ऐकायला लागले! नुसतं ऐकत नव्हते, लिहून घेत होते. त्यांच्यात मारेक नावाचा एक उंच, गंभीर मुलगा होता. हिंदी त्याला आधीच येत होती, मराठी ह्यांनी शिकवली, आणि ती ह्यांच्या पोथीतली. त्यामुळे पोर पोलंडचं, पण बोलायचं माझ्या आजेसासऱ्यांसारखं. "गुरुमाता, आपण क्षुधित आहात काय?" असं मला भर बसस्टॉपवर विचारायचा. ह्यांनी त्याचं नाव ठेवलं अंबरीश. आगाता नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, ती झाली कृतिका. बाकीच्यांनाही नावं मिळाली. हे रात्री झोपताना हसत असत, इतके खूश.

पीठाने दिलेला अभ्यासक्रम होता लहानसा. मांस सोडा, जप करा, आरती म्हणा. आषाढ लागेपर्यंत तो संपला. आता काय शिकवायचं? समोर तर माणसं पेन सरसावून बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेले श्रोते कोण सोडेल? तेव्हा ह्यांनी आमच्या सासूबाईंना काढलं. म्हणजे सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांचे नियम ह्यांच्या डोक्यात शाबूत. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये. शनिवारी तेल आणू नये. दिवेलागणीला केर काढू नये. पारोशाने लोणच्याच्या बरणीला शिवू नये. हे सगळं ह्यांनी 'शास्त्र' म्हणून सांगितलं, आणि त्या बिचाऱ्यांनी शास्त्र म्हणून घेतलं.

तिथे कैरी कुठली? त्यांनी तो नियम काकडीच्या लोणच्याला लावला. सासूबाईंनी उंबऱ्यावर बसू नये म्हटलेलं. कृतिकाच्या फ्लॅटला उंबराच नव्हता. तिने सुताराकडून एक करवून घेतला, त्यावर न बसण्यासाठी! मी पोट धरधरून हसले. हे म्हणाले, "हसू नकोस, याला निष्ठा म्हणतात." मी म्हटलं, "तुमच्या निष्ठेचं काय? ती गादीखाली कुरकुरते आहे." कारण देवासहून आणलेली लसणाची शेव हे गादीखाली ठेवून खात होते. कांदा-लसूण वर्ज्य हे कुणी शिकवलं? ह्यांनीच. एकदा अंबरीशला वास आला. त्याने अदबीने विचारलं, "गुरुजी, हा लशुन काय?" हे शांतपणे म्हणाले, "औषध आहे." पोराने तेही लिहून घेतलं.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, हे आमच्या घरी नवीन नाही. पण मग ह्यांनी सोवळं शिकवलं.

सासूबाई न्हाऊन, ओल्या केसांनी, धूतवस्त्रात स्वयंपाक करायच्या आणि दुसऱ्याच्या हातचं पाणीही घ्यायच्या नाहीत. ह्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. ज्या भांड्यात कधी मांस शिजलं त्यातलं खाऊ नये, दीक्षा न घेतलेल्याच्या हातचं खाऊ नये. आणि हे सांगणारा माणूस कोण? चौकातल्या गाडीवर, कुणाच्या का हातचे असेनात, शेव मारलेले पोहे दोन्ही गालांत भरणारा! कृतिका हुशार निघाली. तिने आईकडे जेवणं सोडलं नाही, फक्त गुरुजींना सांगणं सोडलं. अंबरीश मात्र खरा. तो आईचं घर सोडून, पीठाने आम्हाला दिलेल्या केंद्रात, आमच्याकडे राहायला आला.

त्याच्या आईचं नाव हालिना. मी त्यांना हालिनाबाई म्हणायची. नवरा गेल्याला अजून वर्ष झालं नव्हतं, आणि हा एकुलता एक. थंडी पडायला लागली तशा एक दिवस त्या बीटाच्या सुपाचं पातेलं फडक्यात बांधून केंद्राच्या दाराशी आल्या. वय सत्तरीचं, गुडघे दुखरे, जिना चढून धाप लागलेली. अंबरीशने दार उघडलं, वाकून नमस्कार केला, आणि पातेलं न उघडता परत दिलं. वर म्हणाला काय, तर "मातोश्री, क्षमा असावी." त्या बाईला मराठी कुठून कळणार! पण परत दिलेलं पातेलं कुठल्याही आईला कळतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरून गेल्या. मला इतका राग आला, इतका राग आला, की त्या दिवशीच्या पोळ्या सगळ्या करपल्या.

रात्री मी ह्यांना म्हटलं, "अहो, त्या मुलाला सांगा, आईकडे जेवत जा म्हणून."

"नियम आहे."

"कुणाचा नियम? तुम्ही कधी पाळलात?"

हे म्हणाले, "वासंती, आज एक सैल केला तर उद्या सगळे उठून जातील." तेव्हा मला कळलं की ह्यांना भीती धर्म बुडण्याची नाही. ह्यांना तिरल्याची खिडकी दिसत होती. कीव आली, नाही असं नाही. पण कीव आली म्हणून त्या बाईचं पोर ह्यांच्या श्रोत्यांत जमा धरायचं? मी असली बायको नव्हे.

नाताळ जवळ आला. कृतिकाने मला सांगितलं की आदल्या संध्याकाळचं जेवण तिथे फार मोठं असतं. आकाशात पहिला तारा दिसला की पानं घेतात, आणि त्या दिवशी कुणी एकटं जेवत नाही. "हालिनाबाई?" मी विचारलं. अंबरीशने जाणार नाही म्हणून कळवलं होतं. मी म्हटलं, "मग त्यांना सांग, गुरुमाता येते आहे. आणि मासे मला चालत नाहीत तेवढंही सांग."

त्या संध्याकाळी मी शालीवर कोट चढवला. हे म्हणाले, "कुठे?"

"निघालेल्या माणसाला कुठे विचारू नये," मी म्हटलं. "तरी सांगते. हालिनाबाईंकडे, जेवायला. तुमचं झाकून ठेवलेलं नाही."

कृतिकाने मला दारापर्यंत सोडलं आणि ती आपल्या आईकडे पळाली. हालिनाबाईंनी मला आत घेतलं, दोन्ही हात धरले, आणि आधी स्वयंपाकघरात नेलं. मी बघतच राहिले. ओट्यावर नवंकोरं पातेलं, त्यावरचं दुकानाचं लेबल मुद्दाम तसंच ठेवलेलं. बोट लावून लावून त्यांनी मला ते दाखवलं. मग स्वतःच्या डोक्याला हात लावला. केस ओले होते! बाहेर बर्फ पडतंय, आणि ही बाई न्हाऊन, ओल्या केसांनी रांधते आहे. कृतिकाने तिला सगळे नियम सांगितले होते. मुलाने कळवलं होतं येणार नाही, तरी हिने सगळे पाळले. मला तर रडूच फुटलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि वर शिंकल्या.

टेबलावर चार पानं होती. एक त्यांचं, एक माझं, एक मुलाचं. चौथं कुणाचं ते त्यांनी खुणेने सांगितलं. दाराकडे हात केला, खांदे उडवले आणि हसल्या. न बोलावता कुणी आलंच तर, म्हणून तिथे एक पान जास्त मांडतात. मांडणी मला आवडली.

आम्ही बीटाच्या सुपाचा पहिला घोट घेतो तोच घंटा वाजली. दारात हे, आणि मागे अंबरीश. गुरुमाता बाटली म्हणून तिला परत न्यायला गुरुजी शिष्याला घेऊन आले होते. "वासंती, ऊठ," असं हे म्हणाले खरे, पण हालिनाबाईंना ते कुठलं कळायला! त्यांना एवढंच दिसलं की मुलगा आला. त्यांनी तोंडावर हात घेतला. मग घाईघाईने ह्यांचा कोट काढून घेतला. हे गोंधळून एकेक बाही सोडत गेले. कोट खुंटीला लावायला त्या वळल्या तेव्हा ह्यांनी त्यांचे केस पाहिले. पाठीवरचा झगा पाण्याने भिजला होता.

"अगं, ह्यांचे केस..." हे म्हणाले.

"न्हाऊन रांधलंय," मी म्हटलं. "ह्या थंडीत. तुमच्या आईसारखं. पातेलं नवं आहे, लेबल वाचा हवं तर. आणि ते रिकामं पान न बोलावता येणाऱ्याचं आहे, म्हणजे तुमचंच."

मी वाट बघत होते की आता हे एखादा श्लोक म्हणतील. हे सरळ चौथ्या पानावर बसले, पाण्याचा पेला उचलून ताटाभोवती पाणी फिरवलं, सगळ्या टेबलक्लॉथवर ओघळ केले, आणि ते लालभडक सूप प्यायले. दुसऱ्यांदा घेतलं. हालिनाबाई टेबल पुसायचं सोडून ह्यांच्याकडेच बघत होत्या.

अंबरीश दाराशीच उभा. "गुरुजी," तो म्हणाला, "मातोश्रींची दीक्षा झालेली नाही. नियम आहे."

ह्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "ते नियम माझ्या आईचे होते रे बाळा. शास्त्र-बिस्त्र काही नाही. माझ्या आईचे. तुझे तू तुझ्या आईला विचार."

आता हा उठून जाणार, असं मला वाटलं. ह्यांनाही तेच वाटत होतं. ह्यांचे हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरलेले मला दिसत होते. पोरगा कितीतरी वेळ ह्यांच्याकडे बघत राहिला. त्याने घर सोडलं होतं, ते कशासाठी, हे त्याला त्या क्षणी कळत होतं, आणि ते बघवत नव्हतं. मग तो आईकडे वळला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं.

हालिनाबाईंनी उत्तर द्यायला वेळ लावला नाही. एवढंसं उत्तर दिलं आणि पुन्हा शिंकल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

अंबरीशने नेहमीसारखं आमच्यासाठी मराठीत सांगितलं, पण ह्या वेळी पोथीतलं नव्हतं. "म्हणते, हात धू आणि बस."