आधी हरी म्हणू द्या

गौरव समितीकडून आलं ते असं: पत्र एक, कोरे कागद दोन, वसुधाबाईंचा फोटो एक. तिकीट कमी लावलेलं, म्हणून पोस्टमनने दहा रुपये घेतले. हरकत नाही. बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत आणि माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या बाईकडे लेख मागितलात, हाच मोठा मान.

वसुधाबाई ठाण्याच्या कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायच्या. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहायला आल्या, त्या दिवशी वर विरजण मागायला आल्या. शेजारच्या पंजाबी मावशी 'स्टेशन'ला 'सटेशन' म्हणाल्या, ते ऐकून दारातच वहीत लिहू लागल्या. विरजण राहिलंच. कोणत्या भाषेची माणसं तोंडात अक्षर कसं बांधतात, हा त्यांचा जन्माचा अभ्यास. मला म्हणाल्या, "वहिनी, अक्षर म्हणजे खोली समजा. जपानी माणसाकडे स्वराबरोबर बहुधा एकच पाहुणा मावतो. आपण 'स्त्री' म्हणताना स, त, र अशा तिघांना दाटीने बसवतो."

चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली. दवाखान्यातल्या ताईंनी सोपे उच्चार सांगितले होते: मा, पा, बा. बाई रोज संध्याकाळी येऊन ते करून घेत. पण माझा नवस होता, ह्यांच्या तोंडून पहिलं नाव श्रीकृष्णाचंच यावं. दिवा लावला की मी समोर बसायचे, "म्हणा, श्रीकृष्ण." ओठ थरथरायचे, आवाज फुटायचा नाही. एकदा ह्यांनी ताम्हनच भिरकावलं.

बाई म्हणाल्या, "वहिनी, एका नावात केवढी गर्दी! दमतात हो ते. आधी हरी म्हणू द्या. नाव त्याचंच आहे."

"देवाचं नाव तुमच्या शास्त्राला विचारून घ्यायचं का? उद्यापासून येऊ नका."

बाईंनी चपला घातल्या. "खालीच आहे मी," एवढंच म्हणाल्या.

आठ महिने मी बोलावलं नाही. ह्यांनी तोंड उघडायचंच सोडलं. शेवटी मी खाली गेले. माफी मागायची होती, तोंडातून निघालं, "विरजण हवंय का?"

"हवंय. दादा जागे आहेत ना?" म्हणत त्या माझ्याआधी जिना चढल्या.

तिसऱ्या आठवड्यात हे 'हरी' म्हणाले. आज सुटे शब्द येतात, अख्खं वाक्य क्वचित. सुरुवातीचे महिने मोलाचे होते, असं ताई म्हणतात. ते माझ्या हट्टापायी गेले. बाईंनी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून चार लोकांसमक्ष मीच लिहिते: बाई, चुकलं माझं.

परमेश्वराने बाईंना उदंड आयुष्य द्यावं, आणि आमचा जिना चढण्याइतके गुडघे शाबूत ठेवावेत.

समितीला एक विनंती. कार्यक्रमात ह्यांना स्वतः म्हणायचं आहे, "बाई, सुखी राहा." तीन शब्दांना तीन मिनिटं लागतील. मध्ये कुणी शब्द पुरवू नये, टाळ्याही वाजवू नयेत. हे रोज तयारी करताहेत. समितीला एवढं जमेल की नाही, ते कृपया उलट टपाली कळवावं.