सगळ्यांचा एकच पासवर्ड

केज तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी कॉम्प्युटरवर नोंदी करायचे. गरोदर बायका, लसी, तपासण्या, सगळं त्यात. पासवर्ड सगळ्यांचा एकच, तोही मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. त्या वर्षी दुष्काळ होता. गावात इन्व्हर्टर आमच्याकडेच, म्हणून टँकरच्या फेऱ्या नोंदवणारा माणूसही आमच्याच खुर्चीत बसायचा.

दसऱ्याच्या सुमारास एक बाई तरातरा आत आली. ती आणि तिचा नवरा दरसाल मजूर नेणाऱ्या एका मुकादमाच्या टोळीतून सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला जात.

"मला दिवस गेलेत हे मुकादमाला कावून सांगितलं तुमी? पोटुशी बाई नको म्हनून त्यानं आमाला टोळीतून काढलं."

"आम्ही कुणालाच नाही सांगितलं गं," सिस्टर म्हणाल्या.

"माझ्या सासूलाबी ठावं न्हाई. तुमाला सोडून कुनाला बोललेच न्हाई मी."

तिची नोंद कुणी उघडली ते डॉक्टरांनी पाहिलं. प्रत्येक ओळीला केंद्राचंच नाव. मी, सिस्टर, औषधं देणारे, टँकरवाला, सगळे त्या एका नावाआड. टँकरवाला मुकादमाचा मेहुणा होता. विचारल्यावर म्हणाला, "मी निस्त्या फेऱ्या टाकतो." पुढे बोलायला आमच्याकडे पुरावा नव्हता.

डॉक्टरांनी जिल्ह्याला कळवून प्रत्येकाला वेगळा पासवर्ड घेतला. टँकरचं काम ग्रामपंचायतीत हलवलं. सरपंच चिडले, "असं काय सोनं ठिवलंय त्यात?" पण डॉक्टर बधले नाहीत.

बाई मात्र बिथरली होती. धनुर्वाताच्या इंजेक्शनला आली तेव्हा म्हणाली, "नाव टाकनार असाल तर मी सुई घेत न्हाई." मी तिला शेजारी बसवलं. औषधवाल्यांना त्यांच्या पासवर्डाने कॉम्प्युटर उघडायला लावला. औषधांचा साठा दिसला, तिची नोंद काही उघडेना.

"मंग कुनाला दिसतंय?"

"डॉक्टरांना, सिस्टरला, मला. आणि तू दुसऱ्या सरकारी दवाखान्यात गेलीस तर तिथल्या डॉक्टरांना."

मग तिने दंड पुढे केला.

दिवाळीनंतर ती दोघं दुसऱ्या मुकादमाकडून तोडीला गेली. हंगाम संपता संपता तिला फडावरच कळा सुरू झाल्या. तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा तिच्याजवळ एकही कागद नव्हता. रक्त कमी असल्याची आमची नोंद तिथल्या डॉक्टरांनी तिचं नाव टाकून कॉम्प्युटरवर पाहिली आणि आधी रक्ताची सोय केली. मुलगी झाली. दोघी सुखरूप परत आल्या.